व्हीगन पाककृती-पुस्तकांतील शिवराळ भाषा व बोचरा विनोद : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पाककृतींचे पुस्तक म्हणजे केवळ साहित्य आणि कृती यांची नोंद नव्हे. लेखक वाचकाशी कोणत्या नात्याने बोलतो आणि अन्नाकडे कोणत्या नैतिक दृष्टीने पाहतो, हेही त्याच्या भाषेतून व्यक्त होत असते. म्हणूनच सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला अशी पुस्तके साधन म्हणून उपयुक्त ठरतात. मांस, मासे, अंडी, दूध, मध अशा सर्व प्राणिज पदार्थांचा त्याग करणाऱ्या ‘व्हीगन’ आहारपद्धतीच्या पुस्तकांत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, विशेषतः अमेरिकेत, शिव्या आणि बोचरा विनोद ठळकपणे दिसू लागला. त्यावर अनुकूल आणि प्रतिकूल अशी दोन्ही मते व्यक्त झाली. या वादातील आक्षेप नेमका कशाला होता, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संयत भाषेची परंपरा

प्राणिज पदार्थ पूर्णतः वर्ज्य करणारे रुपर्ट व्हेल्डन यांचे ‘नो ॲनिमल फूड’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली व ‘व्हीगन’ हा शब्द रूढ केला. १९४६ मध्ये फे हेंडरसन यांचे ‘व्हीगन रेसिपीज’ हे पुस्तक आले. १९४० चे दशक युद्धकालीन आणि युद्धोत्तर टंचाईचे होते. प्राणिज पदार्थांवाचून माणूस सुदृढ राहू शकतो, हेच मुळात सिद्ध करावयाचे असल्याने या लेखनाचा सूर गंभीर आणि युक्तिवादाचा राहिला.

अमेरिकेतील परंपरेचा धागा मुंबईपर्यंत पोहोचतो. १८७३ मध्ये मुंबईत जन्मलेले पारशी गृहस्थ दिनशा घडियाळी १९११ मध्ये अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांचे पुत्र जे दिनशा यांनी १९६० मध्ये अमेरिकन व्हीगन सोसायटीची स्थापना केली. जे यांच्या पत्नी फ्रेया दिनशा यांचे ‘द व्हीगन किचन’ १९६५ मध्ये प्रकाशित झाले. या संस्थेच्या नियतकालिकाचे नावच ‘अहिंसा’ होते. ‘अहिंसा’ या शब्दाच्या इंग्रजी लिपीतील सहा अक्षरांवरून जे दिनशा यांनी सहा तत्त्वे मांडली. विचार, वाणी आणि कृती यांतील सचोटी हे त्यांपैकी एक. आपल्याकडील ‘काया-वाचा-मने’ या कल्पनेशी त्याचे साम्य उघड आहे. आहारातील अहिंसा वाणीलाही लागू होते काय, हा पुढील काळातील वादाचा प्रश्न या तत्त्वात बीजरूपाने आलेला होता.

बंडखोर विनोदाचा प्रवेश

संयत सुराला छेद देणारे एक महत्त्वाचे नाव म्हणजे कृष्णवर्णीय विनोदकार आणि नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते डिक ग्रेगरी. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आहारविषयक पुस्तकात फलाहार आणि वनस्पत्याहार यांचा पुरस्कार विनोदाच्या अंगाने केलेला आढळतो. ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण चार दशकांनंतरच्या वादात कृष्णवर्णीयांची हीच परंपरा विस्मृतीत गेल्याची तक्रार केली गेली.

१९९० च्या सुमारास ॲरिझोनातील पंक संगीताशी संबंधित तरुणांच्या ‘हिप्पीकोअर क्रू’ या गटाने ‘सॉय नॉट ऑय!’ हे पुस्तक काढले. त्यातील पाककृती सरकार उलथवण्यासाठी रचल्याचा विनोदी दावा उपशीर्षकातच केला होता. १९९९ मध्ये कॅनडात सारा क्रेमर आणि तान्या बार्नार्ड यांचे ‘हाऊ इट ऑल व्हीगन!’, तर २००५ मध्ये ईसा चंद्रा मॉस्कोविट्झ यांचे ‘व्हीगन विथ अ व्हेन्जन्स’ प्रकाशित झाले. व्हीगन माणूस म्हणजे विरक्त, उपदेशक आणि जिभेचे सुख नाकारणारा, ही प्रतिमा पुसून टाकण्यास या खेळकरपणाचे साहाय्य झाले. येथे हसणारे लोक आपल्याच वर्तुळाला आणि प्रस्थापित व्यवस्थेला हसत होते. दुर्बलाची चेष्टा हा त्या विनोदाचा गाभा नव्हता.

बाजारपेठ आणि अपशब्द

२००५ मध्ये रोरी फ्रीडमन आणि किम बार्नुइन यांचे ‘स्किनी बिच’ प्रसिद्ध झाले आणि अपशब्द थेट शीर्षकात आला. सडपातळ होण्याचे आमिष दाखवून वाचकाला कत्तलखान्यांच्या वर्णनापर्यंत नेण्याची त्याची रीत होती. २००७ मध्ये व्हिक्टोरिया बेकहॅम हे पुस्तक हाती घेतलेल्या दिसल्यावर त्याची विक्री झपाट्याने वाढली. त्याच वर्षी ‘स्किनी बिच इन द किच’ हे पाककृतींचे पुस्तकही आले.

एरवी ज्यांच्यापर्यंत हा विचार पोहोचलाच नसता, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला, असे समर्थकांचे म्हणणे होते. उलटपक्षी, स्त्रीच्या देहाविषयीची लाज हेच येथे प्रचाराचे हत्यार झाले आहे, असा आक्षेप स्त्रीवाद्यांनी घेतला. कॅरल ॲडम्स यांनी ‘द सेक्शुअल पॉलिटिक्स ऑफ मीट’ (१९९०) या ग्रंथात स्त्री आणि प्राणी यांच्या वस्तूकरणातील नाते आधीच उलगडून दाखविले होते. त्या दृष्टीने पाहता या शीर्षकातील विसंगती स्पष्ट होते. त्यातील अपशब्दाचा मूळ अर्थ ‘कुत्री’ असा आहे. प्राण्यांविषयी करुणा शिकविणारे पुस्तक प्राण्याचे नाव स्त्रीसाठी शिवी म्हणून वापरीत होते.

‘ठग’ शब्दाचा प्रवास

या वादाचा कळस ‘थग किचन’च्या निमित्ताने झाला. हा शब्द मूळचा भारतीय आहे. संस्कृत ‘स्थग’वरून आलेला, मराठी-हिंदीत फसव्या माणसासाठी वापरला जाणारा ‘ठग’ १८३० च्या दशकात स्लीमन यांच्या मोहिमेमुळे आणि निजामाच्या सेवेतील मेडोज टेलर यांच्या १८३९ च्या कादंबरीमुळे इंग्रजीत सर्वपरिचित झाला. वासाहतिक राजवटीने एका समूहाला जन्मजात गुन्हेगार ठरविताना तो वापरला. पुढे अमेरिकेत तो कृष्णवर्णीय तरुणांना चिकटला. जानेवारी २०१४ मध्ये फुटबॉलपटू रिचर्ड शर्मन यांनी हा शब्द म्हणजे जुन्या वंशवाचक शिवीचाच समाजमान्य पर्याय झाल्याचे प्रतिपादन केले.

‘थग किचन’ हे लेखन २०१२ मध्ये निनावी सुरू झाले. निरोगी आहार ही श्रीमंतांची मिरासदारी नाही, हे रांगड्या, शिवराळ भाषेत सांगणे हे त्याचे वैशिष्ट्य. सप्टेंबर २०१४ मध्ये मिशेल डेव्हिस आणि मॅट हॉलोवे हे दोघे गौरवर्णीय लेखक त्यामागे असल्याचे उघड झाले व ऑक्टोबरमध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांच्या बोलीची ही नक्कल आहे, अशी टीका झाली. ‘सिस्टा व्हीगन’ (२०१०) या ग्रंथाच्या संपादिका ब्रीझ हार्पर टीकाकारांत अग्रभागी होत्या. ‘आफ्रो-व्हीगन’चे लेखक, कृष्णवर्णीय बल्लवाचार्य ब्रायंट टेरी यांनी मर्मावर बोट ठेवले. रस्त्यावरची भाषा आणि भाजीपाल्याची नजाकत यांचा विरोध हास्यास्पद वाटतो, कारण कृष्णवर्णीयांना सकस आहाराचे ज्ञान नाही हे आधीच गृहीत धरलेले असते. त्यांच्या परसबागेची आणि वनस्पत्याहाराची दीर्घ परंपरा त्यामुळे झाकली जाते. शिवी ही कोणा एका वंशाची मालमत्ता नव्हे, हे समर्थकांचे उत्तर शब्दशः खरे होते. परंतु टेरी यांच्या मुद्द्याला ते भिडत नव्हते.

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर वर्णद्वेषविरोधी आंदोलन पेटले. जूनमध्ये लेखकांनी जुने नाव सोडण्याचे जाहीर केले आणि ‘बॅड मॅनर्स’ हे नाव घेतले. शिवराळ शैली मात्र त्यांनी तशीच राखली.

समारोप

नाव गेले, शिव्या राहिल्या, हा घटनाक्रम अर्थपूर्ण आहे. केवळ अश्लीलतेला आक्षेप असता तर नामांतराने काहीच साधले नसते. पंक पुस्तकांचा उद्धटपणा वाचकांनी स्वीकारला. ‘स्किनी बिच’ आणि ‘थग किचन’ यांवर मात्र तीव्र टीका झाली. यावरून असे दिसते की, विनोदाची किंमत कोणाला मोजावी लागते, हाच या वादातील निर्णायक प्रश्न होता. सभ्य भाषाही अवमान करू शकते आणि शिवराळ भाषाही आपुलकीची असू शकते. म्हणून वाणीची कसोटी शब्दांच्या सोवळ्यावर ठरत नाही. जे दिनशा यांनी आहाराच्या जोडीला ठेवलेले वाणीतील सचोटीचे तत्त्व या इतिहासाच्या प्रकाशात पुन्हा वाचले, तर ताटातून हिंसा काढताना ती बोलण्यातून दुसऱ्याच्या पदरी पडणार नाही, याची दक्षता घेणे हाही त्या आहारधर्माचाच भाग ठरतो.