डांग

डांग : गुजरात राज्याच्या आग्नेय टोकाला, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेला आदिवासीबहुल जिल्हा. क्षेत्रफळ १,७६४ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे २,२८,००० (२०११). आहवा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असून आहवा, वघई व सुबीर हे तीन तालुके आहेत. पूर्वेस व दक्षिणेस महाराष्ट्राचे नंदुरबार, धुळे व नाशिक हे जिल्हे लागतात. डोंगराळ, दाट झाडीच्या मुलखाला मराठीत डांग म्हणतात. नाशिक व अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) घाटालगतच्या पट्ट्यालाही तेच नाव आहे.

पूर्णा, अंबिका, गिरा व खापरी या नद्या खोल दऱ्यांतून पश्चिमेकडे वाहतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे येथे भरपूर पाऊस पडतो, पण तीव्र उतार आणि खाली सलग काळा खडक यांमुळे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठीही लांब जावे लागते. जिल्ह्यातील शेतीची मर्यादा बहुतांशी या एका गोष्टीत आहे.

दुसरी मर्यादा जंगलाने घातली. येथील साग जहाजबांधणीसाठी हवा असल्याने ब्रिटिशांनी १८४२ मध्ये भिल्ल राजांकडून लाकडाचा मक्ता घेतला. पुढे वने राखीव व संरक्षित ठरून फिरती शेती आवरली गेली. बडोदे संस्थानाची बिलिमोरा–वघई ही अरुंद रुळांची रेल्वे (१९१३) लाकूड उतरवण्याच्या कामी आली. आजही जमिनीचा मोठा भाग वनखात्याकडे आहे. उतारावर नागली, वरई व खुरासणी, तर खाचरांत भात पिकतो. नागली-भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, गवत व शेण जाळून जमीन भाजण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. बांबूकाम हा कोटवाळिया जमातीचा पिढीजात धंदा आहे. सापुतारा या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटन वाढले, तरी त्याने शेतीची तूट भरून निघत नाही. त्यामुळे दिवाळीनंतर हजारो कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामभराच्या मजुरीतून फेडायची असते, आणि नवरा-बायकोच्या जोडीस एक ‘कोयता’ मानतात. माणसांची गणती हत्याराच्या नावाने होणे पुरेसे बोलके आहे.

लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९४ टक्क्यांहून अधिक असून कोकणा (कुणबी), भिल्ल व वारली या प्रमुख जमाती होत. त्यांची डांगी बोली मराठी, गुजराती व अहिराणी यांच्या सीमेवरची आहे. ती कोणाची, हा प्रश्न १९६० च्या राज्यनिर्मितीपूर्वी भाषाशास्त्रापेक्षा राजकारणातच अधिक गाजला आणि जिल्हा गुजरातेत गेला. वाघदेवाचे कोरलेले लाकडी खांब गावोगावी आढळतात. वाघबारसेला गुराखी त्यास नैवेद्य दाखवतात. दुधी भोपळ्याच्या पोकळ फळाला बांबूच्या नळ्या व शिंग जोडून केलेली पावरी वाजली की हात गुंफून नाच सुरू होतो.

होळीच्या आठवड्यात आहवा येथे डांग दरबार भरतो. गाढवी, लिंगा, वासुर्णा, दहेर व पिंपरी येथील पाच भिल्ल राजांना तेथे समारंभपूर्वक वार्षिक निवृत्तिवेतन दिले जाते. जंगलाच्या हक्कांबदल्यात सुरू झालेली ही रक्कम संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये रद्द झाल्यावरही चालू राहिली.