ब्यूलीचें अरण्य आणि मोटारगाडी

लंडनहून नैर्ऋत्येकडे मोटारीनें निघालेला प्रवासी साउथॅम्प्टन मागें टाकून पुढें आला, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचीं कुंपणें एकाएकीं नाहींशीं होतात. वाटेंत लोखंडी गजांची आडवी जाळी लागते. तिच्यावरून चाकें खडखडत गेलीं, कीं पलीकडे निराळेंच राज्य सुरू होतें. जांभळ्या फुलांच्या झुडपांचें विस्तीर्ण माळरान, ओक आणि बीच वृक्षांची दाट राई, आणि भर रस्त्यांत निवांतपणें उभीं असलेलीं तट्टें! हॅम्पशायर परगण्यांतील हें ‘न्यू फॉरेस्ट’ होय. नांव ‘नवें अरण्य’ असलें, तरी त्याचें वय नऊशें वर्षांहून अधिक आहे.

सन १०७९ च्या सुमारास विजेता विल्यम यानें हा मुलूख आपल्या शिकारीसाठीं राखून ठेवला. ‘फॉरेस्ट’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ केवळ दाट झाडी असा नव्हता. राजाच्या हरणांकरितां निराळ्या कायद्यानें बांधलेली भूमि, असा होता. हा कायदा फार कठोर होता. हरीण मारणाऱ्याचा अवयव तोडला जाई, प्रसंगीं जीवहि घेतला जाई. दैवगति अशी कीं, याच विल्यमचा मुलगा राजा विल्यम रूफस हा सन ११०० मध्यें याच अरण्यांत शिकार करीत असतां बाण लागून मेला. तो अपघात होता कीं घातपात, याचा वाद आजतागाईत मिटलेला नाहीं. पुढें सन १२१७ मध्यें ‘अरण्याची सनद’ निघाली, आणि हरणासाठीं कोणाचे प्राण अथवा अवयव घेतले जाणार नाहींत, असें राजसत्तेला मान्य करावें लागलें. मॅग्ना कार्टाचा गाजावाजा सर्वत्र आहे. परंतु गरीब खेडुताच्या पदरांत प्रत्यक्ष कांहीं पडलें असेल, तर तें या दुसऱ्या सनदेनें.

कारण या अरण्याला राजाखेरीज दुसरेहि वाटेकरी होते. आपल्याकडील गायरानावर जसा गांवकऱ्यांचा हक्क असतो, तसाच येथील विवक्षित घरांना व जमिनींना पूर्वापार हक्क आहे. त्यांनीं आपलीं तट्टें व गुरें मोकळीं सोडावीं, सरपण घ्यावें, आणि शरदृतूंत डुकरें राईंत हांकावीं. या शेवटच्या रिवाजांत मोठें व्यवहारज्ञान आहे. ओकचीं हिरवीं फळें तट्टांना व गुरांना विषासारखीं बाधतात. डुकरें मात्र तीं आनंदानें फस्त करितात, आणि एकाच्या मेजवानीनें दुसऱ्याचें रक्षण होतें. तट्टें रानटी दिसलीं, तरी त्यांतील प्रत्येकाला धनी आहे. या हक्कांचा निवाडा करणारें ‘व्हर्डरर’ या अधिकाऱ्यांचें न्यायालय लिंडहर्स्ट गांवीं अद्यापि भरतें.

हरणांचें महत्त्व ओसरल्यावर लांकडाचें महत्त्व वाढलें. ब्यूली नदीच्या कांठीं बकलर्स हार्ड येथें याच ओकांपासून लढाऊ जहाजें बांधलीं गेलीं. सन १७८१ मध्यें तेथें पाण्यांत सोडलेलें ‘अ‍ॅगमेम्नॉन’ पुढें नेल्सनच्या हाताखालीं आलें, आणि सन १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईंतहि तें होतें. सन १८५१ च्या कायद्यानें सरकारनें हरणें हलविण्याचें ठरविलें, व त्याच्या मोबदल्यांत दहा हजार एकर जमीन वृक्षलागवडीसाठीं कुंपणांत घेण्याचा अधिकार मिळविला. चराईचे हक्कदार खवळले. पुष्कळ वर्षांच्या झगड्यानंतर सन १८७७ चा कायदा झाला, आणि नव्या कुंपणांना आळा बसला. आज पायीं हिंडणारास जें मोकळें रान लाभतें, तें या भांडणाचें फळ आहे. र्‍हाइनफील्डच्या वाटेवर त्याच शतकांत लाविलेले अमेरिकेंतील प्रचंड सिक्वोया वृक्ष आतां दीडशें फुटांवर गेले आहेत. आणि कांहीं अंतरावर पांच शतकें पाहिलेला मानला जाणारा नाइटवुडचा ओक उभा आहे. या दोहोंमधील पायवाटेनें चालणें, म्हणजे इंग्लंडच्या इतिहासांतून चालण्यासारखेंच आहे.

अशा या संथ प्रदेशांत मोटारगाडीचें माहेरघर असावें, हें प्रथम विपरीत वाटतें. ब्यूली येथें राजा जॉन यानें सन १२०४ मध्यें सिस्टर्शियन जोग्यांचा मठ स्थापिला. सन १५३८ मध्यें तो मोडला गेला; मठाच्या महाद्वाराची इमारत तेवढी राहिली, आणि तिचाच पुढें उमरावी वाडा झाला. या वाड्यांत वाढलेले जॉन माँटेग्यू हे सन १८९२ पासून न्यू फॉरेस्टच्या वतीनें पार्लमेंटांत बसत. सन १८९६ पर्यंत इंग्लंडांतील मोटारीला खेड्यांत ताशीं चार व शहरांत दोन मैलांहून अधिक वेगानें जाण्याची मुभा नव्हती, म्हणजे मनुष्याच्या चालीशींहि तिला बरोबरी करवत नव्हती. त्या सालीं मर्यादा चौदा मैलांवर गेली. माँटेग्यू यांनीं सन १८९९ मध्यें आपली डेम्लर गाडी पार्लमेंटच्या आवारांत नेली. पोलिसानें अडविलें, तेव्हां सभापतींची परवानगी मिळवून ते आंत गेले. त्याच सालीं त्यांनीं युवराज एडवर्ड यांना मोटारींतून फिरवून आणिलें, आणि लोक ज्या यंत्राला हंसत त्याला राजमान्यता लाभली. सन १९०३ च्या कायद्यानें मर्यादा वीस मैल झाली, आणि गाडीवर क्रमांक घालण्याचें बंधन आलें. या कायद्यामागें त्यांची खटपट मोठी होती. वेग पाहिजे, तर जबाबदारीहि पत्करली पाहिजे, हा त्यांतील सौदा होता.

त्यांच्या नियतकालिकाच्या व्यवहारांत एलिनॉर थॉर्न्टन ही चिटणीस होती. चार्ल्स साइक्स हा चित्रकार-मूर्तिकारहि तेथेंच काम करी. रोल्स-रॉइस गाडीच्या अग्रभागीं वाऱ्यावर झेपावणारी जी लहानशी स्त्रीमूर्ति सन १९११ पासून बसविली जाऊं लागली, ती साइक्सची कृति. आणि तिच्यामागें एलिनॉरचेंच रूप आहे, असें बहुतेक मानतात. माँटेग्यू व एलिनॉर यांचा स्नेह मालक व चिटणीस एवढाच नव्हता. सन १९१५ मध्यें हिंदुस्थान सरकारचे यांत्रिक वाहतुकीचे सल्लागार म्हणून माँटेग्यू इकडे येण्यास निघाले, तेव्हां तीहि सोबत होती. मुंबईच्या वाटेवर असलेलें ‘पर्शिया’ हें जहाज ३० डिसेंबर रोजीं क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीनें बुडविलें. जहाजावरील ५१९ जणांपैकीं ३४३ मृत्यु पावले. एलिनॉर त्यांत गेली. माँटेग्यू तीस तासांहून अधिक वेळ समुद्रांत एका होडीवर तगून राहिले. ते घरीं परतले तोंवर त्यांचे मृत्युलेखहि छापून झाले होते. ब्यूलीच्या देवळांत त्यांनीं तिच्या स्मरणार्थ शिला बसविली. जगभर हजारों गाड्यांच्या माथ्यावर मिरवणाऱ्या मूर्तीचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्या बाईचें नांव त्या एका शिलेवर वाचावें लागतें.

माँटेग्यू सन १९२९ मध्यें वारले. त्या वेळीं त्यांचा मुलगा एडवर्ड तीन वर्षांचाहि नव्हता. मोठेपणीं वाडा राखण्याचा खर्च डोईजड झाला, तेव्हां त्यानें सन १९५२ मध्यें तो लोकांस खुला केला, आणि वडिलांची आठवण म्हणून दिवाणखान्याच्या वाटेवर थोड्या जुन्या मोटारी मांडल्या. त्या बीजापासून मोठें संग्रहालय वाढलें. सन १९७२ मध्यें त्याची नवी इमारत झाली. सन १९२७ मध्यें ताशीं दोनशें मैलांचा टप्पा प्रथम ओलांडणारी ‘सनबीम’ तेथें आहे, आणि पार्लमेंटाच्या आवारांत शिरलेली डेम्लरहि. सन १९६७ पासून तेथें जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजारहि भरतो. कोणी पितळी दिवा शोधीत असतो, कोणी कर्णा, कोणी विझून गेलेल्या कारखान्याच्या गाडीचें एखादें चक्र. आणि तें सांपडलें, म्हणजे हरवलेला आप्त भेटल्यासारखा त्याचा चेहरा खुलतो.

परंतु जत्रा आटोपून गाड्या परत फिरल्या, कीं खरी परीक्षा लागते. वेगाची बेडी तोडणाऱ्या पुरुषाच्याच प्रांतांत आज वेगाला पुन्हां बेडी घालावी लागली आहे. अरण्यांतील बिनकुंपणाच्या रस्त्यांवर ताशीं चाळीस मैलांची मर्यादा आहे. तरीहि अंधारांत तट्टें, गाई व गाढवें मोटारीखालीं सांपडतात. म्हणून कित्येकांच्या गळ्यांत प्रकाश परतविणारे पट्टे बांधलेले असतात. रस्त्यांना कुंपण घालावें, हा उपाय सोपा आहे. कांहीं मोठ्या हमरस्त्यांवर तो केलाहि आहे. पण प्रत्येक वाटेवर तो केला, तर रानाचे तुकडे होतील, आणि सन १८७७ मध्यें जें टळलें तेंच निराळ्या रूपानें घडून येईल.

जनावराला कायदा वाचतां येत नाहीं. तो चालकानेंच वाचावयाचा आहे. राजाच्या हरणापुढें एके काळीं माणसाच्या प्राणाला किंमत नव्हती. तो अन्याय सनदेनें दूर केला. माणसाच्या घाईपुढें शिंगराच्या प्राणाला किंमत उरूं नये, हा त्याचाच उलटा अन्याय होय. आणि तो दूर करण्यास नवी सनद नको, यंत्रावरील पाय थोडा सैल केला तरी पुरे.