यकृत, मद्य आणि जीवनसत्त्वाची गोळी

मद्यपी माणसाचे यकृत बिघडते ते मद्यामुळे, की आबाळ झालेल्या जेवणामुळे? इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या चार्ल्स बेस्ट यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली उंदरांवरील प्रयोगांवरून दुसरे उत्तर दिले. शुद्ध अल्कोहोल यकृतपेशींना साखरेपेक्षा अधिक विषारी असल्याचा पुरावा नाही, असे त्यांचे मत होते. ते बरीच वर्षे टिकले.

चार्ल्स लीबर यांनी न्यूयॉर्कमध्ये ते तपासून पाहिले. बबून माकडांना सकस आहाराबरोबर काही वर्षे मद्य दिले. तरीही काहींना सिरॉसिस, म्हणजे यकृतकाठिण्य झाले (१९७४-७५). मद्य स्वतःच दोषी ठरले.

पण ते अपाय कसा करते? मद्याचे विघटन करणारे यकृतातील एक विकर, सीवायपी२ई१, हे काम करताना ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू निर्माण करते. ते पेशीपटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण करतात. ई जीवनसत्त्वासारखे प्रतिऑक्सिडीकारक ही साखळी तोडतात. १९६० च्या दशकातच निकोलस डि लुझिओ यांना असे आढळले होते, की प्रतिऑक्सिडीकारक दिलेल्या उंदरांच्या यकृतात मद्यामुळे साठणारी चरबी कमी होते. मग गोळी घेतली की यकृत सुरक्षित, असे म्हणावे का?

रुग्णांनी वेगळे उत्तर दिले. १९९५ साली चिलीमध्ये सिरॉसिसच्या रुग्णांना वर्षभर रोज १००० एकक ई जीवनसत्त्व दिले गेले. ना यकृताचे कार्य सुधारले, ना मृत्यू घटले. लंडनमध्ये तीव्र मद्यजन्य यकृतदाहाच्या १०१ रुग्णांवरील चाचणीत (२००६) प्रतिऑक्सिडीकारकांचे मिश्रण घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के रुग्ण महिनाभरात दगावले. स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ३० टक्के. लीबर यांच्याच बबूनांत मद्याबरोबर बीटा-कॅरोटीन दिल्यावर यकृताची इजा उलट वाढली होती (१९९२).

असे का व्हावे? उंदरांत दिसली ती मद्याने साठणारी चरबी. रुग्णाच्या यकृतात वर्षानुवर्षांचा दाह आणि तंतूंची वाढ असते. ऑक्सिडीकरण हा त्या साखळीतील एकच दुवा आहे. शिवाय मद्य चालूच राहिले, तर इजाही चालूच राहते.

‘लिव्हर टॉनिक’ घेतले की प्यायला हरकत नाही, असे विद्यार्थ्यांच्या कानावर पडतच असते. अशा वेळी हा इतिहास वर्गात सांगावा आणि विचारावे: यंत्रणा पटली, उंदीरही वाचले, तरी माणसांवर चाचणी का हवी? मद्य थांबवणे हाच यकृत वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, हे उत्तर मग मुलांना त्यांच्याच विचाराने सापडेल.