कातार्‍याची विद्या

लांकूड कातण्याचें काम पाहणाराला फार सोपें वाटतें. चरकावर, म्हणजे ज्याला कारखान्यांत लेथ म्हणतात त्या यंत्रावर, लांकडाचा ठोकळा गरगर फिरत असतो; कारागीर त्याला पटाशी टेकवितो, लांबच लांब सालपटें उडूं लागतात, आणि पाहतां पाहतां ओबडधोबड ओंडक्यांतून एखादें सुबक पात्र आकाराला येतें. परंतु तीच पटाशी नवशिक्यानें हातांत घेतली कीं धार लांकडांत रुतते, हिसका बसतो आणि तासाभराची मेहनत एका क्षणांत वायां जाते. पाहणें आणि करणें यांमधील हें अंतर कसें ओलांडावें, हा प्रश्न या धंद्यापुढें फार प्राचीन काळापासून उभा आहे. प्रथम गुरुगृहींचा बंदिस्त शिकाऊपणा, मग छापील ग्रंथ, आणि शेवटीं हौशी मंडळांतील खुलीं प्रात्यक्षिकें, अशीं तीन उत्तरें त्याला निरनिराळ्या काळांत मिळालीं.

चरकाचें एक फार जुनें चित्र इजिप्त देशांत पेटोसायरिस नांवाच्या पुरोहिताच्या थडग्यांत कोरलेलें आहे. तें इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमाराचें. त्यांत दोन माणसें दिसतात. एकजण दोरी पुढेंमागें ओढून लांकूड फिरवितो आणि दुसरा त्यावर हत्यार चालवितो. हिंदुस्थानांतील कातार्‍याचा जुना चरकही याच जातीचा. दोरी ओढावयास गडी असे, नाहीं तर कातारी स्वतःच कमानीनें लांकूड फिरवी. तो जमिनीवर बसून काम करी आणि हत्याराला पायाच्या बोटांचा आधार देई. युरोपांत हेंच काम एका लवचिक काठीनें साधलें. दोरीचें एक टोंक डोक्यावरच्या काठीला, दुसरें पायाखालच्या फळीला, आणि मध्यें दोरीचा वेढा लांकडाला. पाय दाबला कीं लांकूड कारागिराकडे फिरे, तेवढ्यांत कापून घ्यावयाचें. पाय उचलला कीं काठी दोरी परत खेंची. म्हणजे अर्धा वेळ काम आणि अर्धा वेळ विसांवा. ही लय पायाला आणि हाताला एकदम साधावी लागे, आणि ती साधण्यास वर्षें लागत.

म्हणूनच ही विद्या घरोघर वडिलांकडून मुलाकडे, अथवा उस्तादाकडून शागिर्दाकडे जात राहिली. लंडनमध्यें कातार्‍यांचा संघ मध्ययुगापासून होता, त्याला इ. स. १६०४ मध्यें राजा पहिला जेम्स याजकडून सनद मिळाली. अशा संघांत शागिर्दीचा प्रघात सात वर्षांचा असे. शागिर्द उस्तादाच्या घरीं राही, भुसा झाडी, हत्यारें पाजळी, आणि रोज डोळ्यांपुढें चाललेलें काम पाहून पाहून तें त्याच्या अंगवळणीं पडे. पद्धत उत्तम होती, पण तिचें दार लहान होतें. शागिर्दीच्या बाहेर असलेल्या जिज्ञासूला आंत डोकावण्याची सोय नव्हती.

हें दार प्रथम ग्रंथकारांनीं किलकिलें केलें. जोसेफ मॉक्सन या इंग्रज गृहस्थानें सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत निरनिराळ्या हस्तव्यवसायांवर पुस्तिका काढल्या, त्यांत कातकामालाही जागा दिली. पुढें १७०१ मध्यें फ्रान्स देशांतील लियों शहरीं शार्ल प्लुमिए या ख्रिस्ती साधूचा ‘कातकामाची कला’ या अर्थाच्या नांवाचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा मजकूर फ्रेंच आणि लॅटिन या दोन्ही भाषांत छापलेला होता. प्लुमिए वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून अधिक विख्यात आहे. आपल्याकडे देवळांच्या आवारांत फुलणार्‍या देवचाफ्याचें ‘प्लुमेरिया’ हें शास्त्रीय नांव त्याच्याच स्मरणार्थ ठेवलेलें आहे.

प्लुमिएच्या ग्रंथाचें रशियन भाषांतर बादशहा पीटर दि ग्रेट यानें करवून घेतलें. हा बादशहा स्वतः चरकावर बसे आणि हस्तिदंताच्या व लांकडाच्या वस्तु कातीत असे. पण त्यालाही नुसत्या ग्रंथावर भागलें नाहीं. आंद्रेय नार्तोव हा निष्णात यंत्रकार त्यानें आपल्या खास कामशाळेंत पदरीं ठेवला होता. पुढें लंडनमध्यें स्ट्रासबुर्गहून आलेल्या हॉल्टझाफेल घराण्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हौशी लोकांसाठीं नक्षीकामाचे अत्यंत नाजूक चरक बनविले. याच घराण्यांतील चार्ल्स हॉल्टझाफेल यानें कातकामावर सहा खंडांचा ग्रंथ योजिला. पहिला खंड १८४३ मध्यें निघाला, पांचवा त्याच्या पुत्राच्या हातून १८८४ मध्यें निघाला, आणि सहावा कधींच निघाला नाहीं. अशीं यंत्रें श्रीमंतांच्याच आवांक्यांतलीं होतीं. तरी धंदा नसलेल्या माणसानेंही ही कला शिकावी, ही कल्पना त्यांनीं रुजविली.

ग्रंथ अमोल खरे, परंतु धार लांकडाला कोणत्या कोनांत भिडली म्हणजे सालपट सुटतें आणि किंचित् चुकली म्हणजे ती रुतते, हें चित्रांत पुरतें दाखवितां येत नाहीं. नीट कापणार्‍या हत्याराचा आवाज कसा येतो, हें तर कागदावर उमटतच नाहीं. या उणिवेची किंमत किती मोठी असूं शकते, तें इंग्लंडांतील एका कारागिराच्या चरित्रावरून कळतें. बर्कशायर परगण्यांत बकलबरी येथील माळरानावर जॉर्ज लेली नांवाचा वाडगे कातणारा राहत असे. त्याचे वडील आणि आजोबा हेंच काम करीत. पायानें चालणार्‍या चरकावर, वांकड्या हत्यारांनीं, एल्मच्या एकाच ठोकळ्यांतून एकांत एक बसणारे वाडगे तो काढी. एच. व्ही. मॉर्टन या प्रवासलेखकानें १९२७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्याची गांठ पडल्याचें लिहिलें, त्यामुळें त्याचें नांव दूरवर पसरलें. त्याची ख्याति वाढली, पण हात पुढें चालविणारा शागिर्द मागें राहिला नाहीं. १९५८ मध्यें लेली वारला. त्याचा चरक आणि हत्यारें रेडिंग येथील ग्रामजीवनाच्या संग्रहालयांत गेलीं, आणि पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ती हातोटी त्याच्याबरोबर संपली.

ज्या काळांत ही जुनी परंपरा संपत होती, त्याच काळांत शिकण्याची एक नवी रीत आकार घेत होती. नक्षीदार कातकामाच्या हौशी मंडळींनीं १९४८ मध्यें इंग्लंडांत आपली संस्था स्थापिली. अमेरिकेंत फिलाडेल्फियाच्या परिसरांत अल्बर्ट लेकॉफ व त्याच्या सहकार्‍यांनीं १९७६ पासून दहा वर्षें कातकामाचे मेळावे भरविले. त्यांत नामांकित कारागीर सर्वांसमक्ष काम करून दाखवीत. १९८५ मध्यें टेनेसी संस्थानांतील गॅटलिनबर्ग येथें असाच मोठा मेळावा झाला, आणि त्यांतून १९८६ मध्यें अमेरिकन कातार्‍यांची राष्ट्रीय संघटना उदयास आली. डेव्हिड एल्सवर्थ हा तिचा पहिला अध्यक्ष. ब्रिटनमध्यें तशी संघटना १९८७ मध्यें निघाली. पण या संघटनांचा खरा प्राण त्यांच्या गांवोगांवच्या मंडळांत आहे. अमेरिकन संघटनेच्या अशा शाखा आज तीनशेंहून अधिक आहेत.

अशा मंडळाची बैठक बहुधा महिन्यांतून एकदां भरते. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, गवंडी, विद्यार्थी, गृहिणी असे सर्व थरांतील लोक खुर्च्या मांडून बसतात, आणि एक अनुभवी सभासद तोंडावर पारदर्शक ढाल बांधून चरकापाशीं उभा राहतो. पूर्वीं चरकावर तिरका आरसा टांगीत. हल्लीं कॅमेरा लावून हाताची प्रत्येक हालचाल पडद्यावर मोठी करून दाखवितात. पहिला धडा क्रमाचा असतो. हत्यार आधीं टेकणावर ठेवावयाचें, मग धारेमागचा उतार फिरत्या लांकडाला नुसता घासूं द्यावयाचा, आणि नंतरच मूठ हळूहळू उचलून धार कापूं लागेपर्यंत आणावयाची. धार आधीं टेकवली कीं हिसका ठरलेलाच. दुसरा धडा लांकडाच्या रेषांचा. खांबासारखी लांबट वस्तु कातावयाची असेल तर जाडीकडून बारकाईकडे यावयाचें, म्हणजे प्रत्येक धाग्याला खालच्या धाग्याचा आधार मिळतो. आडव्या रेषांचा वाडगा असेल तर बाहेरून तळाकडून कांठाकडे आणि आंतून कांठाकडून मध्याकडे. हें ऐकावयास चार वाक्यें आहेत. पण दाखविणारा मुद्दाम उलट बाजूनें एकदां कापतो, फाटलेला खडबडीत पृष्ठभाग हातोहात फिरवितो, आणि मग तें कोणी विसरत नाहीं.

जुन्या शागिर्दीशीं तुलना केली तर महिन्यांतील दोन तास हें साधन तोकडेंच म्हटलें पाहिजे. पाहिल्यानें जें उमगतें तें घरीं शंभर वेळां केल्यावांचून हातांत उतरत नाहीं. म्हणून मंडळांत दुसर्‍या महिन्यास सभासदांनीं आपापलीं कामें आणून मांडावयाचीं, आणि जाणत्यांनीं त्यांतील दोष समजावून सांगावयाचे, अशी रीत पडली आहे. पहा, करा, दाखवा आणि पुन्हां पहा, असें हें चक्र आहे. त्याहून मोठा फरक वृत्तीचा आहे. संघाच्या काळीं हातोटी ही मिळकत होती आणि ती जपण्यांत पोटाचा प्रश्न होता. हौशी मंडळांत तीच हातोटी मोकळ्या हातानें वाटली जाते, कारण बहुतेकांचें पोट तिच्यावर अवलंबून नाहीं.

या मोकळेपणाचें मोल लेलीच्या कथेच्या उत्तरार्धांत दिसतें. १९९० नंतरच्या दशकांत रॉबिन वुड या तरुणानें रेडिंगच्या संग्रहालयांतील तो चरक न्याहाळला, तसाच चरक उभा केला, वांकडीं हत्यारें स्वतः घडविलीं, आणि अनेक प्रयोगांनंतर पायाच्या चरकावर वाडगे कातण्याची कला पुन्हां हस्तगत केली. लेलीच्या शेजारीं बसून जें पाहून शिकतां आलें असतें, तें त्याला मूक लोखंडाकडून आणि लांकडाकडून काढून घ्यावें लागलें. पुढें त्यानें तें स्वतःपाशीं ठेवलें नाहीं. इतरांना शिकविलें, आणि आतां तें काम जाणणारे हात अनेक आहेत.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाहीं. सावंतवाडीचीं लाखेच्या रंगाचीं खेळणीं अनेक घरांतील मुलांनीं हाताळलेलीं आहेत. फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबावी, घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळावी आणि रंगाचा तुकतुकीत थर चढावा, ही कातार्‍याची करामत पाहणाराला भुरळ घालते. परंतु कांडी किती दाबावी आणि केव्हां उचलावी, हें त्या हातालाच ठाऊक. अशा हातांभोंवतीं महिन्यांतून एकदां चार खुर्च्या मांडून बसणारे शेजारी असतील, तर ती विद्या एका घराच्या वंशावळीवर अवलंबून राहणार नाहीं.