सांधेसूज, वासरांतील

गायी-म्हशींच्या नवजात वासरांना जंतुसंसर्गामुळे होणारा सांध्यांचा रोग. तो बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या महिनाभरात दिसतो. नजरेत भरतो तो सुजलेला गुडघा. मूळ मात्र बऱ्याचदा बेंबीत असते.

कारणे : तुटलेल्या नाळेतील शीर यकृताकडे, तर धमन्या ओटीपोटातील मोठ्या रक्तवाहिन्यांकडे जातात. वासरू ओल्या शेणामुतात पडले, की जंतू याच वाटेने रक्तात शिरतात आणि सांध्यांत ठाण मांडतात. एश्चेरिकिया कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस व साल्मोनेला हे नेहमी आढळणारे जंतू होत. मायकोप्लाझ्मा बोव्हिस दुधातून किंवा श्वसनमार्गानेही येतो.

ओळख : वासरू लंगडते, उठायला कुचराई करते, आचळाला तोंड लावत नाही. पुढचे गुडघे व मागच्या पायांचे मधले सांधे गरम, ताठर आणि हात लावताच दुखणारे असतात. ताप १०३° फॅ.च्या वर जातो. प्रत्येक लंगड्या वासराची बेंबी चाचपून पाहावी. ती जाड, ओली, दुर्गंधीयुक्त असेल तर निदान जवळजवळ पक्के होते. पण बेंबी सुकली म्हणून रोग नाही असे ठरवू नये. निरोगी सांध्यातील द्रव फिकट पिवळा, पारदर्शक व चिकट असतो. रोगात तो गढूळ, पातळ होतो. मुका मार, जन्मतः वाकलेले पाय व मुडदूस यांपासून रोग वेगळा ओळखावा लागतो. फऱ्या रोगात सूज सांध्यात नसून मांसल भागात असते, ती दाबल्यास करकरते आणि जनावर सहसा ६ महिन्यांपेक्षा मोठे असते.

उपचार : कूर्चा झिजण्याआधी, म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू व्हावेत. प्रतिजैविक साधारण २ ते ३ आठवडे द्यावे लागते. वासरू चालू लागताच सुया थांबवणे हे रोग उलटण्याचे मोठे कारण आहे. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसल्याने त्यावर पेनिसिलीन चालत नाही. पू झालेला सांधा पशुवैद्यकाकडून निर्जंतुक सलाइनने धुवून घ्यावा. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम द्यावे. डायक्लोफेनॅकवर पशुवापरासाठी भारतात २००६ पासून बंदी आहे. हे औषध दिलेले जनावर मेल्यावर उघड्यावर टाकले, तर ते खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. म्हणून माणसांसाठीची डायक्लोफेनॅकची कुपीही गोठ्यात वापरू नये.

प्रतिबंध : खरा उपाय चीक हाच. गायी-म्हशींच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि आतडे ती शोषते जेमतेम २४ तास, तेही तासागणिक कमी. २५ किग्रॅ. वजनाच्या वासराला पहिल्या दिवशी सुमारे अडीच लिटर चीक मिळावा, त्यातला निम्मा पहिल्या २ तासांत. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची चाल अनेक गावांत आहे. वार पडायला ८ ते १२ तासही लागू शकतात आणि तेवढ्यात वासराची सर्वांत मोलाची वेळ निघून जाते. खरवसासाठी चीक काढायचा तो वासराचे पोट भरल्यावरच. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. द्रावणाची तीव्रता व वारंवारता यांबाबत मतभेद आहेत.

कोकरे : स्ट्रेप्टोकॉकस डिसगॅलॅक्टी हा प्रमुख जंतू.

शिंगरे : सांधा सुजलेले शिंगरू तातडीचा रुग्ण समजावे.