श्रमिकाची श्रद्धा : गाडगेबाबा आणि रुग्णांचे निवारे

पालघर, बोईसर, तारापूर ह्या टापूंतील एखाद्या घरांत दुर्धर आजार शिरला म्हणजे बहुधा मुंबईची वाट धरावी लागते. १९४१ सालीं परळ येथें सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत रोग्याला खाट मिळते. परंतु त्याच्या सोबत आलेल्या आईनें किंवा भावानें रात्र कोठें काढावी, हा प्रश्न औषधाइतकाच बिकट असतो. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोग्यांना व त्यांच्या आप्तांना आसरा देते. तिला ज्यांचें नांव आहे ते पुरुष वैद्य नव्हते, धनिकहि नव्हते. परटाच्या कुळांत जन्मून शेतांत राबलेले ते एक श्रमिक होते.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें झाला. वडील दारूच्या पायीं अकालीं गेले. मातेसह आजोळीं दापुऱ्यास आलेल्या ह्या पोरक्या मुलाचें बालपण गुरें राखण्यांत आणि तारुण्य नांगर धरण्यांत गेलें. अक्षरओळख झाली नाहीं. पण दारू, कर्ज आणि नवसाचे बकरे गरिबाचें घर कसें पोखरतात, तें त्यांनीं जवळून पाहिलें. कन्येच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनीं जातभाईंना गोडाचें जेवण वाढलें, तें ह्याच अनुभवामुळें.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. हातांत खराटा आणि मातीचें गाडगें, अंगावर चिंध्यांचें वस्त्र. दिवसा गांव झाडावें आणि रात्रीं कीर्तन करावें, हा क्रम पुढें सुमारें पन्नास वर्षें चालला. आजाऱ्यासाठीं मुकें जनावर कापूं नका, ऋण काढून सण करूं नका, मुलांना शाळेंत घाला, हेंच त्यांच्या कीर्तनाचें सार होतें.

लोकांनीं दिलेल्या पैशांतून नाशिक, आळंदी, पंढरपूर येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपुरास वारकऱ्याला जशी ओसरी हवी, तशीच रुग्णालयाच्या दारीं रोग्याच्या नातलगालाहि हवी, हें जाणून मुंबईंत जे. जे. रुग्णालयाजवळहि धर्मशाळा झाली. श्रद्धेचा हा अर्थ नवा होता. देवाच्या दारीं गेलेला आणि रोगाच्या दारीं आलेला, दोघेहि त्यांच्या लेखीं सारखेच यात्रेकरू होते.

ह्या श्रद्धेची कसोटीहि लागली. १९२३ सालीं एकुलता एक पुत्र गोविंद वारला. ती वार्ता कीर्तनांत असतांना येऊनहि बाबांनीं कीर्तन थांबविलें नाहीं. उत्तरायुष्यांत शरीर व्याधींनीं जर्जर झालें, तरी भ्रमण चालूच राहिलें. आपल्या मागें संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून १९५२ सालीं श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारांत झालेलें कीर्तन शेवटचें ठरलें. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनीं, २० डिसेंबर रोजीं, अमरावतीकडे नेलें जात असतां वलगांवजवळ पेढी नदीपाशीं बाबांनीं देह ठेवला.

धर्मशाळेनें रोग बरा होत नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खराहि आहे. रोग बरा करण्याचें वचन बाबांनीं कधीं दिलेंच नाहीं. अंगारा वा ताईतहि दिला नाहीं. चिकित्सा वैद्यानें करावी आणि माणसाला एकटें पडूं न देण्याचें काम समाजानें करावें, अशी ती वांटणी होती. दीर्घ आजारांत रोग्याचें धैर्य बहुधा वेदनेपेक्षां आपल्या माणसांच्या हालांमुळेंच अधिक खचतें. उशाशीं बसणाऱ्याला पाठ टेकायला जागा आणि पोटाला दोन घास मिळाले, तर तें धैर्य टिकतें. निरक्षर श्रमिकानें हें ओळखलें, आणि त्याची श्रद्धा शब्दांत न राहतां दगडविटांच्या भिंतींत उभी राहिली.