चांद्र काच
चंद्रावरील मृदा व पाषाण तेथेच वितळवून काच, तंतू, धातू इ. औद्योगिक द्रव्ये निर्माण करण्याची, अद्याप प्रयोगावस्थेत असलेली विद्या. चंद्रावरील काळसर ‘सागर’ प्रदेशांचा बेसाल्ट हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा सगोत्र होय, त्यातही लोणार (जि. बुलढाणा) येथील सु. १·८ किमी. व्यासाचे विवर, जेथे अशनीच्या आघाताने बेसाल्टमधील फेल्डस्पार खनिजाची मॅस्केलिनाइट ही काच बनली आणि वितळलेल्या पाषाणाचे सूक्ष्म गोलक विखुरले, ते चांद्रविवरांच्या अभ्यासास अमोल ठरले आहे. चांद्रमृदेत सिलिका सु. ४५ टक्के, म्हणजे मुबलक असली, तरी सोड्याच्या तुटवड्यामुळे खिडकीची नेहमीची काच तेथे सहजासहजी साधणार नाही, आणि लोहामुळे सागरमृदेची काच काळपट उतरेल. पारदर्शक काचेस उच्चभूमीचा, लोह अत्यल्प असलेला अॅनॉर्थोसाइट अधिक उपयुक्त. त्या निर्वात, निर्जल स्थळी ओतलेली काच, जलबाष्पाने तिचे बंध दुबळे होत नसल्याने, पृथ्वीवरील काचेपेक्षा पुष्कळ बळकट राहील, हे अनुमान मोठे आशादायक आहे. वितळलेल्या मृदेचे विद्युत् विच्छेदन केल्यास प्राणवायू सुटतो व लोह, सिलिकॉन मागे राहतात. ही मूलद्रव्ये, तसेच ॲल्युमिनियम व कॅल्शियम, दक्षिण ध्रुवाजवळच्या मृदेत असल्याचे चंद्रयान-३ ने २०२३ मध्ये जागेवरच पडताळले.